घराची मोठी साफसफाई : दडपण न येता कशी करता?

ओंजळ

रोजचा केर-लादी आमच्याकडे होतेच, त्यामुळे घर अस्वच्छ आहे असं नाही. प्रश्न आहे तो वर्षातून एकदा निघणाऱ्या मोठ्या साफसफाईचा. माळ्यावरची खोकी, कपाटांचे वरचे कप्पे, पलंगाखालचे खण, पंखे, पडदे, आणि "तूर्तास इथे राहू दे" म्हणत सगळं जिथे जाऊन बसतं ती मागची खोली. सुट्टीच्या दिवशी सकाळी एक कपाट उघडलं की तासाभरात त्यातलं सगळं पलंगावर येतं. जुनी पत्रं निघतात, मुलांचे लहानपणीचे कपडे निघतात, कधीच्या तरी यंत्राचं वॉरंटी कार्ड निघतं. प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचार करण्यात दिवस संपतो आणि रात्री झोपायला जागा हवी म्हणून सगळं परत आत जातं. पुढे कितीतरी दिवस त्या कपाटाकडे नजर गेली तरी जीव दडपतो.

आम्ही दोघंही नोकरी करतो, मुलं शाळेत आहेत, सासूबाई आमच्यासोबत राहतात. सलग आठवडाभर रजा काढणं कुणालाच शक्य नाही. तयार वेळापत्रकं भरपूर वाचली आहेत, ती नकोत. तुम्ही सुरुवात कुठून करता, आणि मधेच थांबावं लागलं तर घर राहण्याजोगं कसं ठेवता, हे ऐकायचं आहे.

पायवाट

ओंजळताई, तुम्ही जे लिहिलंय त्यात धुळीचा उल्लेखच नाही. पत्रं, कपडे, वॉरंटी कार्ड. म्हणजे दमवतंय ते साफ करणं नव्हे, ठरवणं. ठेवायचं का? ठेवायचं तर कुठे? कुणाला द्यायचं? एका कप्प्यात चाळीस वस्तू असतील तर चाळीस निर्णय, आणि तेही हातात फडकं असताना.

म्हणून आमच्याकडे ही दोन कामं एका दिवशी करायची नाहीत असा नियमच आहे. निवडायच्या दिवशी झाडू-फडक्याला हात लावायचा नाही. साफ करायच्या दिवशी कुठल्याही वस्तूचा निकाल लावायचा नाही. उचलायची, पुसायची, जिथे होती तिथे ठेवायची. एवढं पाळलं तरी अर्धं दडपण उतरतं, कारण साफ करण्याचं काम डोक्याला शिणवत नाही. कानाला गाणी लावून होतं.

आणि कपाट कधीही पूर्ण रिकामं करू नका. एक कप्पा. तो परत लागल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासासाठी २५ मिनिटांचा गजर लावायची पद्धत काढली, ती इथेही चालते. मात्र घरात मी त्यात एक बदल सुचवेन: २५ पैकी शेवटची १० मिनिटं फक्त परत लावण्यासाठी. गजर १५ व्या मिनिटाला. तेव्हा हातात जे असेल ते तिथेच थांबवून जागेवर. मधेच पाहुणे आले, मूल उठलं, ऑफिसचा फोन आला, तरी पलंग मोकळा असतो.

भिंगरी

पायवाट, निवडणं आणि साफ करणं वेगळं, याला पूर्ण अनुमोदन. पण सगळंच खोलीवार किंवा कप्प्यावार करायचं हे मला जमत नाही. काही कामं घरभर एकदम केलेलीच बरी. शिडी काढली की सगळे पंखे, सगळ्या ट्यूबलाइट, सगळी जळमटं एका दमात. खिडक्यांच्या जाळ्या काढल्या की सगळ्या एकदम धुवून वाळत. खोलीवार केलं तर दर वेळी शिडी काढा, बादली भरा, हात मळवा, परत सगळं आवरा. तयारीतच जीव जातो.

पायवाट

हे बरोबर आहे. ज्याला अवजार लागतं ते अवजाराप्रमाणे, ज्याला विचार लागतो ते कप्प्याप्रमाणे.

टिपकागद

दडपण का येतं याबद्दल थोडं वाचलेलं सांगते, कारण ते कळल्यावर स्वतःला दोष देणं थांबतं.

डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी लॉस एंजेलिसमधल्या दोघंही नोकरी करणाऱ्या जोडप्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी नवरा-बायकोंना आपापलं घर फिरून दाखवायला आणि बोलायला सांगितलं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं जास्त आली, त्यांच्यात कॉर्टिसोल या ताणाशी जोडलेल्या संप्रेरकाची पातळी दिवस सरताना जेवढी उतरायला हवी तेवढी उतरत नव्हती. नवऱ्यांमध्ये हा संबंध तसा दिसला नाही. यातून पसाऱ्यामुळेच ताण येतो असं सिद्ध होत नाही. पण घरी परतल्यावरही अंग सैल पडत नाही असं म्हणणारी बाई उगाच बोलत नाही, एवढं मला त्यातून दिसतं.

दुसरा अभ्यास मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांचा, २०११ चा. अपुरं राहिलेलं काम डोक्यात घोळत राहतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांना असं आढळलं की ते काम कधी, कुठे, कसं करायचं याचा नेमका बेत केला की काम झालेलं नसतानाही ते घोळणं थांबतं. याचा साफसफाईत थेट उपयोग आहे. "मागची खोली आवरायची" हा बेत नव्हे. "गुरुवारी रात्री मुलं झोपल्यावर मागच्या खोलीतलं दाराजवळचं खोकं" हा बेत. मी मोठ्या साफसफाईआधी घरभर फिरून फक्त यादी करते, कशालाही हात न लावता. जे या वर्षी करायचं नाही तेही लिहून ठेवते, "यंदा नाही" या मथळ्याखाली. त्या दुसऱ्या यादीने मला पहिलीपेक्षा जास्त मोकळं वाटतं.

आणि अंदाज नेहमी अपुरा पडतो, हे धरूनच चाला. १९९४ मध्ये कॅनडातल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. घरकामालाही हेच लागू पडतं असं मला ठामपणे वाटतं. दोन तासांचं काम म्हणालात तर साडेतीन तास राखून ठेवा.

रानवारा

आता जरा प्रत्यक्ष घासण्याबद्दल, कारण दडपणातला एक हिस्सा कष्टाचाही असतो आणि तो बराच कमी करता येतो.

हेंकेल कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये धुण्या-पुसण्याचं एक साधं सूत्र मांडलं. मळ निघतो तो चार गोष्टींनी: रसायन, घासणं, उष्णता आणि वेळ. यातली एक कमी केली तर बाकीच्यांनी ती भरून काढायला लागते. आपण घरी बहुतेक वेळा उलट करतो. साबण लावला की लगेच घासायला लागतो, म्हणजे वेळेचा वाटा आपल्या खांद्यांवर घेतो. ओट्यामागच्या टाइल्सवरचा चिकटा घ्या. गरम पाण्यात भांड्यांचा साबण किंवा थोडा धुण्याचा सोडा घालून फडकं भिजवा, ते टाइल्सवर चिकटवून ठेवा आणि पंधरा मिनिटं दुसरं काम करा. नंतर जवळजवळ पुसूनच निघतं. धुण्याच्या सोड्याला हातमोजे घाला, आणि ॲल्युमिनियमला तो लावू नका, काळं पडतं.

नळांवरचा पांढरा थर म्हणजे पाण्यातले क्षार, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. तो साबणाला दाद देत नाही कारण तो तेलकट नाहीच. त्याला आम्ल लागतं. व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवलेला कागदी रुमाल नळाभोवती गुंडाळून अर्धा तास ठेवा, मग पाण्याने नीट धुवा. मात्र संगमरवर हाही कॅल्शियम कार्बोनेटच. संगमरवरी ओट्यावर किंवा फरशीवर व्हिनेगर सांडलं तर चकाकी जाते आणि ती पुसून परत येत नाही.

क्रमाचं म्हणाल तर वरून खाली आणि आधी कोरडं, मग ओलं. पंखा शेवटी पुसला तर पुसलेली लादी पुन्हा पुसावी लागते. धुळीवर आधीच ओलं फडकं फिरवलं तर तिचा चिखल होऊन कडांना बसतो. मायक्रोफायबरचं फडकं किंचित दमट करून वापरलं तर धूळ उडत नाही, पकडली जाते. ती फडकी धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका. धाग्यांवर थर बसतो आणि धूळ धरण्याचा त्यांचा गुण जातो.

ओंजळ

रानवारा, हे फार कामाचं आहे. वेळेचा वाटा खांद्यांवर घेण्याचं अगदी पटलं. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून टाकतात, फसफसतं आणि सगळं निघतं म्हणतात, त्याचं काय?

रानवारा

फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड. सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांना निकामी करतात आणि मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, जे साफ करायला फारसं उपयोगाचं नाही. वेगवेगळे वापरले तर दोन्ही उत्तम. सोडा हलकं घासायला आणि वासाला, व्हिनेगर क्षारांना.

शिरीषफूल

इथे मी थोडी कडक भाषा वापरणार आहे. रुग्णालयात काम करते, आणि साफसफाईच्या उत्साहात झालेले अपघात पाहिले आहेत.

ब्लीच कशातही मिसळायचं नाही. पाणी सोडून कशातही नाही. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, व्हिनेगर हेही आम्ल. यातलं काहीही ब्लीचमध्ये गेलं की क्लोरीन वायू सुटतो. काचा पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो. त्याच्याशी ब्लीचचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतात, तेही फुप्फुसांना घातकच. बंद बाथरूममध्ये हे फार लवकर होतं. एक वापरलं, निघालं नाही, म्हणून त्यावर दुसरं ओतलं, असं बहुतेक वेळा घडतं. डोळे चुरचुरले, खोकला आला, तर पुसत बसू नका. बाहेर या, मोकळ्या हवेत थांबा, आणि श्वासाला त्रास होत असेल तर सरळ दवाखाना गाठा.

दुसरं, घर निर्जंतुक करायच्या मागे लागू नका. साबण-पाण्याने मळ निघतो आणि त्याबरोबर बरेचसे जंतूही जातात. घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले असतील किंवा कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तिथे जंतुनाशकाचा उपयोग आहे. तेव्हाही आधी पृष्ठभाग साफ करायचा, मग जंतुनाशक लावायचं आणि डब्यावर लिहिलेला वेळ ते ओलं राहू द्यायचं. लगेच पुसलं तर ते काम करत नाही. रोजच्या जगण्यातून ही एक चिंता वजा करून टाका, मोठ्या साफसफाईचं ओझं लगेच हलकं होतं.

डांबरगोळ्या कपड्यांत घालत असाल तर बाळाचे कपडे त्यात अजिबात ठेवू नका. जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांमध्ये नॅप्थलीनमुळे तांबड्या पेशी फुटून गंभीर पंडुरोग होतो, आणि अशी कमतरता आहे हे पुष्कळदा आधी ठाऊकच नसतं.

शिडीवर एकटं घरात असताना चढू नका. हे वयस्कर माणसांनाच नाही, सगळ्यांना.

सांजसावली

मला संधिवात आहे. खाली वाकून, हात उंच करून काम होत नाही, आणि एका दिवशी जास्त केलं की पुढचे दिवस अंथरुणात जातात. त्यामुळे "सगळं घर" हा शब्दच मी काढून टाकला आहे. माझा क्रम असा: ज्या जागी माझं शरीर सर्वांत जास्त वेळ असतं तिथून सुरुवात. म्हणजे अंथरूण. चादरी, अभ्रे, पांघरुणं ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतली की धुळीतले सूक्ष्म किडे मरतात. दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्या घरात हे माळा आवरण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं. मग बाथरूम, मग ओटा. शोकेस आली तर आली.

बसून होणारी कामं वेगळी काढून ठेवते. औषधांचा डबा, कागदपत्रं, शिवणाचं सामान, चार्जर आणि वायरी. घरातलं कुणी एक खण माझ्यासमोर आणून ठेवतं, मी निवडते, ते परत नेऊन ठेवतात. मी घराच्या साफसफाईत पूर्ण भाग घेते, फक्त खुर्चीत बसून. ज्यांना असा आजार आहे त्यांनी हे जरूर करून बघा.

ओंजळ

सांजसावली, मनापासून आभार. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही त्यांना साफसफाईच्या दिवशी बाजूला बसवून ठेवतो. मग त्यांना काळजी, की आपल्या माघारी काय काय टाकतील. खण त्यांच्यासमोर नेऊन ठेवायचा, हे सुचलंच नव्हतं.

चौकट

हा धागा रोज वाचतोय. ठेवणं-टाकणं याबद्दल थोडं लिहितो.

आई गेल्यावर तिचं कपाट मी बराच काळ उघडलं नाही. नातेवाईक म्हणायचे, एकदा मन घट्ट कर आणि देऊन टाक सगळं. तसं केलं नाही, याचं मला आजही समाधान आहे. अशा वस्तू साफसफाईच्या यादीत घालूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते दुःखाचं काम आहे, त्याची वेळ वेगळी असते, आणि त्याला गजर लावता येत नाही. त्या कपाटाला बाहेरून पुसून घ्या आणि पुढे चला.

मन तयार झालं तेव्हा मी आणि बहीण एकत्र बसलो. काय टाकायचं हा प्रश्न आम्ही घेतलाच नाही. काय ठेवायचं, एवढाच घेतला. तिने दोन साड्या घेतल्या, मी आईचा चष्मा आणि हिशेबाची वही. मग बाकीचं दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडू दे, असं आपसूक वाटलं. जे फोटो आणि पत्रं होती त्यांची मोबाइलवर छायाचित्रं काढून दोघांकडे ठेवली. मूळ पत्रंही ठेवली आहेत, एका खोक्यात मावतील इतकीच. खोकं आधी ठरवलं आणि मग निवड केली, त्यामुळे भांडण झालं नाही.

साध्या वस्तूंची गोष्ट निराळी. १९९० मध्ये डॅनियल काह्नमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि विकायला सांगितलं. ज्यांना मग मिळाले होते त्यांनी मागितलेली किंमत, बाकीचे द्यायला तयार असलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट निघाली. थोड्या वेळापूर्वी हाती आलेल्या मगाचं हे, तर वर्षानुवर्षं कपाटात असलेल्या मिक्सरच्या जादा भांड्याचं काय होणार! म्हणून मी वस्तू हातात घेऊन "टाकू का?" असं विचारत नाही. ही आज माझ्याकडे नसती तर मी बाहेर जाऊन आणली असती का, असं विचारतो. उत्तर बहुधा पटकन येतं.

भिंगरी

चौकट, फार छान लिहिलंत. कपाटाला बाहेरून पुसून पुढे जायचं, हे लक्षात ठेवीन.

मला अजून एक म्हणायचंय. दुसऱ्याच्या वस्तूचा निर्णय आपण घ्यायचा नाही, मूल लहान असलं तरी. माझ्या मुलाच्या खोलीत मी त्याला दोन टोपल्या देते आणि शेजारी बसते. तो ठरवतो. वेळ लागतो, पण त्याला न विचारता खेळणं टाकलं तर पुढच्या वर्षी तो एक कागदही सोडणार नाही. नवऱ्याच्या टेबलाचंही तेच. आणि कामं वाटताना "मला जरा मदत कर" असं म्हणणं मी सोडलं आहे. मदत म्हटलं की काय, कधी, कशाने, हे सगळं ठरवायचं माझ्याकडेच राहतं. बाथरूम त्याचं म्हणजे साबण संपलाय का हे बघण्यापासून त्याचं.

पायवाट

भिंगरी, हे शेवटचं वाक्य आमच्या घरात मोठ्याने वाचून दाखवलं.

ओंजळ

सगळ्यांचं वाचून काल रात्री टिपकागद म्हणतात तशी यादी केली, कशालाही हात न लावता. माळा आणि मागच्या खोलीतली वरची खोकी "यंदा नाही" मध्ये गेली. शनिवारी शिडीची सगळी कामं, दोघं घरात असताना. सासूबाईंसमोर रोज दुपारी त्यांच्याच कपाटातला एक खण, तेही त्यांना हवं असेल तरच. निवडायचे दिवस आणि पुसायचे दिवस वेगळे लिहिलेत.

एक शंका. पहिल्याच खणात जुन्या औषधांच्या पट्ट्या, बॅटऱ्या आणि एक फुगलेला मोबाइल निघाला. हे कुठे टाकायचं?

शिरीषफूल

औषधं बेसिनमध्ये किंवा संडासात ओतू नका, पाण्यात जातात. काही औषधदुकानं आणि रुग्णालयं मुदत संपलेली औषधं परत घेतात, आधी तिथे विचारा. तोवर मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा.

रानवारा

बॅटऱ्या रोजच्या कचऱ्यात नकोत, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. लिथियमच्या असतील तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, म्हणजे एकमेकींना टेकून ठिणगी पडणार नाही. फुगलेला मोबाइल चार्जिंगला लावू नका, दाबू नका, उघडू नका. पेटण्याजोग्या वस्तूंपासून लांब, धातूच्या उघड्या डब्यात ठेवा आणि घ्यायला तयार आहेत का हे केंद्राला आधी फोनवर विचारून मग घेऊन जा. हे मात्र शनिवारपर्यंत थांबवू नका, उद्याच करा.